निधनाची बातमी आल्यावर गावातील सामने पुढे ढकलावेत का, आणि ढकलायचे झाल्यास कसे

२६ डिसेंबर २०२४ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मैदानावर फक्की मारून झाली होती, बिछायतवाल्याचा मंडप उभा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन दिवसांच्या कबड्डी सामन्यांचे उद्घाटन व्हायचे होते. त्याच रात्री माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनाची बातमी आली. मंडळाचे आम्ही अकरा जण मारुतीच्या पारावर शेकोटीभोवती बसलो. कोणी म्हणे सामने रद्दच करावेत, कोणी म्हणे वर्गणी गोळा झाली आहे, लोकांना काय सांगायचे, आणि कोणी म्हणे सकाळी तहसील कार्यालयात विचारू. या चर्चेच्या मध्यातच गडचिरोली जिल्ह्यातील चमूच्या कर्णधाराचा फोन आला : "आम्ही तं निघालो जी, आता का करू?" मुले टेम्पोत बसली होती, कडाक्याची थंडी होती, आणि त्यांना 'या' किंवा 'परत फिरा' यांपैकी एक शब्द सांगायला आम्हाला दीड तास लागला. तेवढा वेळ ती मुले रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर कुडकुडत थांबून राहिली. आम्ही शेवटी घेतलेला निर्णय मला आजही योग्य वाटतो, पण त्या दीड तासाचे वाईट वाटते, आणि इतर मंडळांकडून ते होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

दुखवट्यात नेमके काय बंद असते

दुखवटा जाहीर झाला म्हणजे सर्व काही बंद, अशी गावात सर्वसाधारण समजूत असते आणि निम्मा गोंधळ त्या समजुतीतूनच होतो. राष्ट्रीय दुखवटा केंद्रीय गृह मंत्रालय जाहीर करते, राज्याचा दुखवटा राज्य शासन जाहीर करते, आणि त्या आदेशात सहसा दोन गोष्टी असतात : ठरलेले दिवस राष्ट्रध्वज अर्ध्यावर राहील आणि शासकीय मनोरंजनाचे कार्यक्रम होणार नाहीत. गावच्या मंडळाने लोकवर्गणीतून भरवलेले सामने यात येत नाहीत. डॉ. सिंग यांच्यासाठी १ जानेवारी २०२५ पर्यंत सात दिवसांचा दुखवटा होता, तरी २७ डिसेंबरला मेलबर्नच्या कसोटीत भारतीय संघ दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, आणि त्याच दिवशी अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्धचा एकदिवसीय सामना मौन पाळून, काळ्या फिती बांधून खेळला गेला. सरकारने दुखवटा जाहीर केला म्हणून आपल्याला सामने बंद करावे लागले, असे गावाला सांगणे म्हणून खरे नसते. तो निर्णय मंडळाचाच असतो आणि तो मंडळाने आपला म्हणून सांगावा.

काही बाबतीत मात्र शासकीय आदेशाचा थेट परिणाम होतो आणि त्या आधी तपासाव्यात. सामने शाळेच्या मैदानावर असतील आणि शासनाने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली असेल (लताबाईंच्या निधनानंतर राज्यात ७ फेब्रुवारीला अशी सुट्टी दिली होती), तर मुख्याध्यापकांशी त्याच रात्री बोलावे, कारण पंच आणि गुणलेखक बहुधा शाळेचेच शिक्षक असतात. शालेय किंवा क्रीडा विभागाच्या स्पर्धा असतील तर तिथे मंडळाचे मत चालत नाही, आदेश चालतो. उद्घाटनाला लोकप्रतिनिधी किंवा अधिकारी येणार असतील तर ते येणार नाहीत असे धरून उद्घाटनच काढून टाकावे. नारळ फोडायला गावातला एखादा जुना खेळाडू पुरतो. पोलीस ठाण्याच्या परवानगीवर तारीख लिहिलेली असते, त्यामुळे तारीख बदलली की नवा अर्ज द्यावा लागतो, हे गृहीत धरूनच बैठकीत बोलावे. मैदानावरचा राष्ट्रध्वज आपल्या मनाने अर्ध्यावर उतरवू नये. ध्वजसंहितेप्रमाणे तो शासनाच्या सूचनेनेच अर्ध्यावर येतो, आणि तेव्हाही आधी टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणायचा असतो.

बाहेर काय घडले

राजघराण्यातील व्यक्तीच्या अंत्यसंस्कारासाठी सामने थांबवावेत का, हा प्रश्न सर्वात मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमध्ये २०२२ साली उभा राहिला. ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ दुसरी यांचे निधन झाले आणि १९ सप्टेंबरला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला. तेथील सरकारने सामने रद्द करण्याची सक्ती केली नव्हती. निर्णय ज्या त्या संघटनेवर सोडला होता, आणि अंत्यविधीच्या दिवशी त्या वेळेशी टक्कर होणार नाही एवढे पाहावे असे सुचवले होते. तरी वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळे केले. फुटबॉलने त्या आठवड्याअखेरचे सर्व सामने पुढे ढकलले, अगदी लहान मुलांचेसुद्धा. क्रिकेटने ओव्हलवरील दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीचा शुक्रवार सोडला आणि शनिवारी खेळ पुन्हा सुरू केला. त्या सकाळी भरलेल्या मैदानात हजारो माणसे गप्प उभी राहिली, मग राष्ट्रगीत झाले, मग खेळ. घोड्यांच्या शर्यतींनी दोन दिवस थांबून डॉनकास्टरची सेंट लेजर ही जुनी शर्यत रविवारी घेतली. मला या तिन्हींत क्रिकेटचे आणि शर्यतीचे वागणे अधिक योग्य वाटते, कारण त्यांनी लोकांना एकत्र उभे राहून आदर दाखवण्याची जागा दिली. फुटबॉलने ती जागाच बंद केली, आणि रविवारी सकाळी मैदानावर जाणाऱ्या मुलांना घरी बसवून कोणाच्या दुःखाला आधार मिळाला हे मला समजलेले नाही. पुढच्या आठवड्यातील चेल्सी विरुद्ध लिव्हरपूलसारखे सामने पुढे ढकलले ते मात्र वेगळ्या कारणाने. अंत्यविधीच्या बंदोबस्तात पोलीस गुंतले होते आणि सामन्याला पोलीस पुरले नसते. ते कारण खणखणीत होते आणि आपल्या तालुक्यालाही ते लागू पडते.

१९९७ मध्ये प्रिन्सेस डायना यांचा अंत्यविधी ६ सप्टेंबरला, शनिवारी होता, आणि त्याच दिवशी स्कॉटलंडचा बेलारूसशी विश्वचषक पात्रता सामना ठरलेला होता. सामना त्याच दिवशी घेण्याचा आधीचा विचार लोकांच्या नाराजीपुढे सोडावा लागला आणि सामना रविवारी झाला. एका दिवसाने काही बिघडले नाही. हट्ट धरला असता तर पुष्कळ बिघडले असते. याच्या उलट टोकाचे उदाहरण थायलंडचे आहे. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी राजे भूमिबोल यांचे निधन झाल्यावर तेथील फुटबॉल संघटनेने लीगच्या उरलेल्या फेऱ्याच रद्द केल्या आणि त्या वेळी पुढे असलेल्या मुआंगथोंग युनायटेडला विजेता ठरवले. तिथल्या लोकांचे राजावरील प्रेम मी कमी लेखत नाही, पण अर्ध्यावर स्पर्धा मोडली की गुणतक्त्यात मागे राहिलेल्यांवर अन्याय होतोच, आणि गावच्या स्पर्धेत तर त्यावरून वर्षभराचे वैर धरले जाते.

सर्वात शिकण्यासारखे उदाहरण आपल्याच देशातील आहे. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला इंग्लंडविरुद्धची पाचवी कसोटी सुरू झाली आणि त्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. भारत प्रजासत्ताक होऊन दोन वर्षे झाली होती. ते आपले राजे राहिले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी खेळ झाला नाही, विश्रांतीचा दिवस अलीकडे आणला गेला, आणि नंतर सामना पूर्ण झाला. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी घेतले, आणि विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने एक डाव आणि ८ धावांनी आपला पहिला कसोटी विजय मिळवला. मैदानावर आलेल्या पाहुण्यांचा राजा गेला होता, म्हणून यजमानांनी एक दिवस थांबणे शोभून दिसले. आणि सामन्याचा एकही दिवस कमी झाला नाही. पाहुण्याच्या दुःखासाठी थांबावे आणि थांबूनही सामना पुरा करावा, हे दोन्ही एकाच वेळी करता येते हे त्यात दिसते.

निर्णय कसा घ्यावा

पहिल्यांदा पाहावे ते हे, की गेलेल्या माणसाचे दुःख मैदानावर येणाऱ्यांपैकी कोणाला प्रत्यक्ष आहे. दिल्ली-मुंबईत कोणी मोठे गेले तर आदर सर्वांना असतो, पण मयतीला कोणी जाणार नसते. अशा वेळी सामने चालू ठेवावेत, नाचगाणे, डीजे, फटाके आणि मिरवणूक तेवढी काढून टाकावी. अहेरी भागात आत्राम घराण्याला लोक आजही राजे म्हणतात, नागपूरच्या भोसले घराण्याविषयी जुन्या मंडळींच्या मनात मान आहे. अशा घराण्यात दुःखद घटना घडली तर त्या टापूतील माणसे खरोखरच दर्शनाला जातात, आणि तिथल्या मंडळाने त्या दिवशी सामने ठेवू नयेत. मात्र तीच घटना शंभर कोसांवरच्या बुलढाण्याच्या मंडळाला तशीच लागू होत नाही.

त्यानंतर वेळ पाहावी. अंत्यविधीची वेळ साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत कळते. ती कळेपर्यंत 'वेळ जाहीर झाल्यावर सामन्यांची वेळ बदलू शकते' एवढेच संघांना सांगावे. आम्ही २८ डिसेंबरला दुपारी दोनपर्यंत मैदान बंद ठेवले, कारण दिल्लीत दुपारी अंत्यसंस्कार होते आणि गावातील बरीच घरे ते दूरदर्शनवर पाहत होती. सकाळच्या चार लढती दिव्यांखाली संध्याकाळी घेतल्या. यात कोणाचाही खेळ बुडाला नाही.

मग येतो भार. सामने पुढे ढकलले तर त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हे बैठकीत मोठ्याने विचारावे, कारण ज्यांच्या अंगावर पडतो ते त्या बैठकीत नसतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी चालू असते. मजुरी सोडून आलेल्या मुलाला आणखी एक दिवस थांबवणे म्हणजे त्याची आणखी एक रोजी बुडवणे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर एक तारीख हलवली की चार गोष्टी हलतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक असा बेत असतो, नाटकाची तारीख वडशाच्या कंपनीकडे महिनोन्महिने आधी धरलेली असते, आणि हंगामात त्या कंपनीला दुसरी रात्र मोकळी नसते. पटाला आलेल्या बैलजोड्या पुन्हा गाडीत चढवून नेणे मालकाला आणि जनावराला दोघांनाही त्रासाचे आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह शर्यतींना मुभा दिल्यापासून परवानगीचे कागद काटेकोर झाले आहेत, नवी तारीख सहज मिळत नाही. म्हणून पट किंवा नाटकासह भरणारी मंडई, म्हणजे गावची जत्रा, असेल तर शक्य तोवर तारीख हलवू नये, वेळ हलवावी.

पुढे ढकलायचे ठरल्यास

निर्णय एका तासात व्हावा आणि एकाच माणसाने तो सांगावा. आमच्याकडे त्या रात्री तिघांनी तीन चमूंना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. पहिला फोन सर्वात दुरून येणाऱ्या चमूला करावा, मग मधल्यांना, आणि गावातल्या चमूला सर्वात शेवटी. आपण नेहमी उलटे करतो, कारण गावातली मुले समोरच उभी असतात. जे वाटेत असतील त्यांना परत पाठवू नये. त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत करावी आणि तो खर्च स्पर्धेच्या हिशेबात 'थांबलेल्या चमूंचा खर्च' म्हणून वेगळा दाखवावा. नवी तारीख सांगितल्याशिवाय जुनी तारीख रद्द झाल्याचे कळवू नये. ज्या चमूला नवी तारीख जमत नाही तिची प्रवेश फी पूर्ण परत द्यावी. त्यात घासाघीस करणारे मंडळ पुढच्या वर्षी चमूंची वाट पाहत बसते.

सामना चालू असताना बातमी आली तर तो मध्येच तोडू नये, चालू सत्र संपू द्यावे. तरी थांबावेच लागले तर गुणलेखकाच्या वहीत त्याच क्षणी चार गोष्टी लिहाव्यात : दोन्ही बाजूंचे गुण, उरलेली मिनिटे व सेकंद, चढाईची पाळी कोणाची आहे ती, आणि बाद होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूंचे क्रमांक ते ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. कबड्डीत खेळाडू बाद झाल्याच्या क्रमानेच पुन्हा आत येतो, त्यामुळे तो क्रम हरवला तर दुसऱ्या दिवशी सर्वात चांगला चढाईपटू आधी आत यावा की नंतर, यावरून भांडण ठरलेले. खाली दोन्ही कर्णधारांच्या आणि मुख्य पंचाच्या सह्या घ्याव्यात आणि पानाचा फोटो दोघांच्याही फोनवर पाठवावा.

मौन आणि काळी फीत

सामने चालू ठेवायचे तर मौन नीट पाळले गेले पाहिजे. दरवर्षी गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय स्तब्ध उभा राहतो. ज्याने ते एकदा अनुभवले त्याला मौन कसे असावे हे सांगावे लागत नाही. आपल्या मैदानांवर ते फसते, कारण जनरेटर धडधडत असतो, भेळवाल्याचे सराट्याने खडखडणे चालू असते आणि निवेदक मौनातच 'शांतता राखा' म्हणून ओरडत असतो. दहा मिनिटे आधी निवेदकाने सूचना द्यावी, दुकानदारांना प्रत्यक्ष जाऊन सांगावे, दोन्ही चमूंना मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभे करावे, मग ध्वनिक्षेपक आणि जनरेटर बंद करावा. सुरुवात आणि शेवट मुख्य पंचाने हात वर करून व खाली आणून दाखवावा, शिटी वाजवू नये. एक मिनिट पुरे. घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट. अंधार पडल्यावर मौन ठेवू नये, कारण जनरेटर बंद केला की दिवे जातात आणि अंधारात पोरे शिट्ट्या वाजवतात.

काळ्या फिती पंचांनी, गुणलेखकांनी आणि मंडळाच्या सदस्यांनी दिवसभर बांधाव्यात. कबड्डीच्या खेळाडूंनी त्या मौनापुरत्याच बांधून सामन्याआधी काढाव्यात आणि टाचणी मुळीच वापरू नये. पकडीत समोरच्याची बोटे दंडावरच्या फितीत अडकतात, आणि टाचणी असेल तर रक्त निघते. आम्ही सुती काळ्या कापडाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडून साध्या गाठीने बांधल्या होत्या.

गावातील मयत

आता जे सर्वात जवळचे आहे त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी अंतिम लढतीच्या दिवशी गावाच्या पलीकडच्या टोकाच्या वस्तीत एका मजूर बाईचे निधन झाले. आम्हाला दुपारीच कळले होते. तिथवर आवाज जाणार नाही, असे आम्हीच एकमेकांना सांगितले आणि सामना सुरू ठेवला. वारा त्या दिवशी तिकडे वाहत होता. लोक तिला घेऊन नाल्याकाठच्या स्मशानाकडे निघाले तेव्हा आमचा निवेदक प्रत्येक गुणावर भोंग्यातून ओरडत होता, आणि ते सर्व त्यांना ऐकू येत होते. तिचा मुलगा आमच्याच चमूत दोन वर्षांपूर्वी खेळला होता. त्याच मंडळाने त्याआधी एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी मयत झाली तेव्हा पूर्ण दिवस सामने बंद ठेवले होते. मी दोन्ही निर्णयांत होतो आणि या दोन्हींतला फरक मला अजून सलतो.

त्यामुळे माझे स्पष्ट मत आहे की दूरच्या राजाराणीसाठी किंवा नेत्यासाठी थांबण्याचा नियम करण्याआधी गावातील मयतीचा नियम करावा आणि तो प्रत्येक वस्तीला, प्रत्येक घराला एकच असावा. माती होऊन लोक घरी परतेपर्यंत मैदान बंद, भोंगा बंद. त्यानंतर मंडळाच्या दोघांनी त्या घरी जावे. घरच्यांची संमती घ्यायला नव्हे, कारण दुःखातील माणसाला 'खेळू का' असे विचारणे म्हणजे त्याच्यावर भार टाकणे आहे, तर भेटायला जावे. मग सामने भोंग्याशिवाय पुरे करावेत. बाहेरगावच्या चमूतील खेळाडूच्या घरी दुःखद घटना घडली तर त्या चमूची लढत शेवटी ढकलावी, तो खेळाडू गेला तर बदली खेळाडू प्रवेशिकेत नाव नसतानाही घ्यावा, आणि समोरच्या चमूच्या कर्णधाराला ही गोष्ट आधी सांगावी. आजवर मी अशा वेळी एकाही कर्णधाराला नाही म्हणताना पाहिलेले नाही.

हे सर्व नियमावलीच्या पत्रकावर बक्षिसांच्या यादीखाली छापावे. आम्ही छापलेला मजकूर असा आहे आणि तो कोणत्याही मंडळाने जसाच्या तसा घ्यावा : "राष्ट्रीय किंवा राज्य दुखवटा असल्यास सामने होतील; उद्घाटन, मिरवणूक, डीजे व फटाके होणार नाहीत; अंत्यविधीच्या वेळेत मैदान बंद राहील व त्या लढती त्याच दिवशी संध्याकाळी होतील. गावात कोणाच्याही घरी मयत झाल्यास अंत्यविधी होईपर्यंत सामने व ध्वनिक्षेपक बंद राहतील. शासकीय आदेशाने किंवा बंदोबस्ताच्या कारणाने सामने पुढे गेल्यास बातमी आल्यापासून एका तासात मंडळाचे सचिव सर्व चमूंना नवी तारीख कळवतील, वाटेत असलेल्या चमूंची सोय मंडळ करील आणि न येऊ शकणाऱ्या चमूंची प्रवेश फी परत दिली जाईल. थांबलेली लढत नोंदवलेल्या गुणांवरून, वेळेवरून व बाद खेळाडूंच्या क्रमावरून पुढे सुरू होईल." त्याखाली सचिवांचा दूरध्वनी क्रमांक, आणि भोंगा बंद करण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या सदस्याचे नाव छापावे.